तो फोन माझा होता

निकम आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी व्यासपीठावर उभी होते. त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात इंजिनिअरांचं चर्चासत्र होतं. विषय माझा आवडता, पवनचक्क्यांनी वीजजाळ्याची फ्रिक्वेन्सी कशी सावरायची हा, आणि मागच्या पडद्यावर माझा नेहमीचा आलेख. वेळ बघायला म्हणून मोबाइल समोरच ठेवला होता. त्यावर ओळ उमटली, "निकम आप्पा आज सकाळी गेले. हार्ट अटॅक. साडेबारा वाजता अमरधाम." मी ती वाचली. आणि मग... मग मी माझं पुढचं वाक्य बोलले. दहा-बारा मिनिटं बोलत राहिले, दोन प्रश्नांना उत्तरं दिली, एका प्रश्नकर्त्याची थोडी फिरकीही घेतली, पुष्पगुच्छ घेतला, फोटोसाठी हसले. पडद्यावरचा तो आलेख आप्पांच्या पाळीतला होता, हे त्या सभागृहात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. अमरधामला पोचले तेव्हा सगळं आटोपून लोक चपला शोधत होते.

त्याला आता सव्वा महिना झाला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे, आणि आप्पांबद्दल चांगलं लिहायला मला काही शोधाशोध करावी लागणार नाही. अडचण आहे ती माझ्याबद्दल लिहिण्याची. आप्पा ज्या कंपनीत होते तिथे त्यांची ओळख 'पॅनलसमोर झोपलेले निकम' अशी झाली आणि शेवटपर्यंत तीच राहिली. ते झोपलेले नव्हते. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी नऊ वर्षं तोंड उघडलं नाही.

सटाण्याच्या पुढे घाट चढून गेलं की एक उघडंबोडकं पठार लागतं. तिथे पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. आसपासच्या गावांत त्यांना पंखे म्हणतात, आप्पाही पंखेच म्हणत. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहिणारी, तिथून जीपने आदळत-आपटत तिथे पोचलेली आणि स्वतःला बरंच काही समजणारी. आप्पा तिथल्या कंट्रोल रूममध्ये पाळीप्रमुख होते. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर चित्रं दाखवून सगळ्यांना समजावलं, की देशभरच्या विजेला एक ठेका असतो, सेकंदाला पन्नासचा. जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. कुठे एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं की ठेका मंदावतो, आणि फारच मंदावला तर एकामागून एक सगळंच बंद पडू शकतं. कोळशाच्या नि पाण्याच्या केंद्रांना अशा वेळी जोर वाढवता येतो. पवनचक्की मात्र मिळेल तेवढा सगळा वारा लगेच वापरून टाकते, अडीअडचणीला तिच्याजवळ शिल्लक काही नसतं. माझं काम तिला ती शिल्लक ठेवायला शिकवण्याचं होतं. पाती किंचित वळवून थोडा वारा मुद्दाम सोडून द्यायचा, आणि ठेका मंदावला की पाती परत वळवून ती राखलेली ताकद जाळ्यात घालायची.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हे आम्हाले मालेगावात पूर्वीपासून ठाऊक शे." कंपनीत लागण्याआधी कितीतरी वर्षं ते मालेगावात यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. "उन्हाळ्यात दुपारी फ्रिक्वेन्सी पडायची ना, तवा गल्लीतल्या समद्या मागांची खटखट जड व्हायची. मीटर बघतंय कोण? आम्ही म्हणायचो, लाईन दमली. आता तुम्ही पंख्यांना दमलेल्या लाईनला हात द्यायला शिकवणार, असंच ना?" असंच होतं. जे सांगायला मला पाऊण तास आणि चाळीस चित्रं लागली ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला. त्या रागाचं प्रेम व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या डब्यातली भाकरी हक्काने खाऊ लागले.

कंट्रोल रूममध्ये एक शिस्त असते. फोनवर कोणी सूचना दिली की ऐकणाऱ्याने ती उलट म्हणून दाखवायची, आणि मग लॉगबुकात वेळ, सूचना आणि देणाऱ्याचं नाव लिहायचं. बाकीचे ऑपरेटर हे तपासणी असली की करायचे. आप्पा रोज करायचे, आणि त्यांना ती सवय इतकी जडली होती की घरच्या फोनलाही सुटका नव्हती. एकदा वहिनींचा बाजाराचा फोन आला तर हे महाशय माझ्यासमोर म्हणतात, "दोन जुड्या कोथिंबीर, अर्धा डझन केळं, आल्याचा तुकडा. बरोबर शे का?" आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात! मी खो खो हसले. "हसू नका ताई," ते म्हणाले, "इथं माणसाच्या बोलण्याचं काही खरं नसतं. कागदावर नाव आलं की माणूस सरळ चालतो." मी त्यावरही हसले होते.

आमच्या चाचणीला पवनचक्कीवाल्या कंपनीने पंधरा दिवसांची परवानगी दिली होती. पाच पंखे, पंधरा दिवस, त्यापुढे एक तास नाही. कारणही उघड होतं. पंखा रोखून धरला की त्याची वीज कमी भरते, आणि तिथे रोज सकाळी कोणत्या पंख्याने किती वीज दिली याची यादी वरपर्यंत जायची. ज्याचे पंखे यादीत तळाला, त्या पाळीप्रमुखाला फोन. आप्पांनी ते पंधरा दिवस तळाला काढले, कुरकुर न करता. आणि माझं नशीब असं की पंधरा दिवसांत काही म्हणजे काही घडलं नाही. वारा पडलेला, जाळं अगदी शहाण्यासारखं स्थिर. ठेका चुकलाच नाही तर तो सावरला हे दाखवायचं कुठून? सोळाव्या दिवशी सकाळी मी नाशिकला घरी चहा पीत होते आणि समोरच्या नारळाच्या झावळ्या वेड्यासारख्या हलायला लागल्या. पठारावर काय वारा असेल ते मला बसल्या जागी कळलं. मी फोन उचलला.

"आप्पा, वारा कसा आहे?"

"लय शे ताई. या मोसमातला पहिला असा."

"पाच पंखे सोडले का?"

"आता सोडणार व्हतो. मुदत काल संपली."

"सोडू नका. आजचा एक दिवस रोखून ठेवा. संध्याकाळपर्यंत."

त्यांनी शिस्तीत उलट म्हणून दाखवलं. पाच पंखे राखीव स्थितीत, संध्याकाळपर्यंत, वेळ सात चाळीस. मग विचारलं, "नाव तुमचंच लिहू ना? परवानगीचा कागद कोणाच्या सहीनं येणार?" कागद येणारच नव्हता. मागितला असता तर अशा वाऱ्याच्या दिवशी त्यांनी तो दिलाच नसता, म्हणून मी मागणारच नव्हते. निकाल हातात आला की मग परवानगी कोण विचारतं, असा माझा हिशोब. मी म्हणाले, "नावाची जागा सध्या रिकामी ठेवा आप्पा. लेखी दुपारपर्यंत पाठवते." पलीकडून उत्तर आलं, "बरं ताई. तुम्ही म्हणता तर." इतक्या वर्षांत त्यांनी नावाशिवाय लिहिलेली ती एकच नोंद असेल.

दुपारी तीनच्या सुमाराला कुठलंसं मोठं केंद्र बंद पडलं आणि ठेका घसरला. साडेतीनला आप्पांचा फोन. पठारावरच्या वाऱ्यापेक्षा त्यांचा आवाज मोठा. "ताई, दिलं! पाचही जणांनी दिलं! असे उठले एकदम, काय सांगू..." मी ऑफिसात खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. कागदाचं मला आठवलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवलं होतं. आप्पांनी विचारलं नाही म्हणून मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत, मोसमातल्या सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या दिवशी, पाच पंखे तळाला. शेजारचे भरभरून दिलेले आणि हे रोखलेले. मुदत संपल्यावरही ते का सोडले नाहीत याची चौकशी लागली. सॉफ्टवेअर आपोआप अडकून राहू शकतं का, हे सांगायला तज्ज्ञ म्हणून मलाही बोलावलं. लांबट टेबल, एका बाजूला कंपनीचे तिघे साहेब, टोकाला आप्पा, मधे उघडं लॉगबुक. वेळ होती, सूचना होती, नावाच्या जागी काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं, फोन कोणाचा होता? आप्पा म्हणाले, "नाव लिहायचं राहिलं साहेब." आठवत नाही का? "नाही आठवत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून काही सूचना होती का?" मी इंजिनिअर आहे, आम्हाला नेमकं बोलायची सवय असते. मी म्हणाले, "आमच्या चाचणीची मुदत आदल्या दिवशीच संपली होती." या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटं ते हेच. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टेबलावरच्या त्या वहीकडे बघत बसले होते.

मी का नाही बोलले? स्वतःला बरीच कारणं देऊन बघितली आहेत. कंपनी नवी होती, काम हातचं गेलं असतं, माझ्याबरोबर आणखी चौघांचंही गेलं असतं. सगळी खरी आहेत. पण त्या क्षणी टेबलाशी बसताना यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त भीती वाटली होती, शाळेत बाई कोणाचं काम हे म्हणून विचारतात तेव्हा वाटते तेवढीच साधी भीती. एवढ्याशा भीतीपोटी मी एका चोख माणसाची अब्रू जाऊ दिली. चौकशीत निष्कर्ष निघाला की पाळीप्रमुखाने निष्काळजीपणा केला आणि नंतर अंगावर येऊ नये म्हणून निनावी नोंद घातली. कागदावर 'निष्काळजीपणा' होता, बोलताना लोकांनी त्याचं 'झोपले होते' केलं. आप्पांना पठारावरून काढून अंबडच्या गोदामात पाठवलं, सुट्या भागांच्या रॅकवर चिठ्ठ्या लावायला. त्यांनी जवळच सिडकोत दोन खोल्या घेतल्या.

ते गोदाम माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. नऊ वर्षं मी त्या रस्त्याने गेले नाही. पाथर्डी फाट्याकडून वळसा घालून जायचे, आणि कोणी विचारलं की तिकडे ट्रॅफिक फार असतं म्हणायचे. इकडे माझं बरं चाललं होतं. त्या दुपारचा आलेख इतका देखणा होता की तो दाखवून पुढची कामं मिळत गेली. ठेका घसरतो आहे आणि पाच रेषा त्याला हात द्यायला एकदम वर उठताहेत, बघणारा खूशच व्हायचा. मूळ छापील कागदाच्या कोपऱ्यात पाळीप्रमुखाचं नाव यायचं, बी. टी. निकम. पडद्यावर घेताना मी तो कोपरा कापला. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी लागते, असं मी माझ्या हाताखालच्या मुलीला सांगितलं. तिने लगेच मान डोलावली.

शेवटची भेट झाली ती डोळ्यांच्या दवाखान्यात, दोन वर्षांपूर्वी. डोळ्यांत थेंब घालून आम्हा सात-आठ जणांना बाकावर ओळीने मिटल्या डोळ्यांनी बसवलं होतं. मी नर्सला काहीतरी विचारलं आणि शेजारून आवाज आला, "ताई, तुम्ही?" तोवरच्या सात वर्षांत मी कित्येकदा मनातल्या मनात त्यांना सगळं बोलून टाकलं होतं. आता ते हातभर अंतरावर होते, आणि त्यांना माझा चेहराही दिसणार नव्हता. याहून सोपी जागा कुठली मिळणार? आप्पाच म्हणाले, "आता खूप ठिकाणी लावतात म्हणे आपलं ते. पंखे राखून ठेवायचं." आपलं म्हणाले. मी "हो" म्हणाले. "चांगलं झालं. लाईनला आधार झाला." मी म्हणाले, "आप्पा, तेव्हाचं ते..." तेवढ्यात नर्सने माझं नाव पुकारलं. आप्पा म्हणाले, "जा ताई, नंबर आला तुमचा." आणि मी उठले. दोन मिनिटं थांबा, एवढं नर्सला सांगता आलं असतं. मी मात्र सुटल्यासारखी आत गेले.

अमरधामनंतर चौथ्या दिवशी सिडकोत घरी भेटायला गेले. वहिनींनी हात धरून बसवलं, त्यांना माझं आलेलं किती बरं वाटलं ते त्या शेजारणीला सांगत होत्या. आप्पांची मुलगी ज्योती डिप्लोमा करून एका उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागली आहे. मला सोडायला ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी कामावर गेले त्या पहिल्याच दिवशी एक जण सगळ्यांसमोर मला म्हणाला, पॅनलसमोर झोपू नको हं, तुमच्या घराण्यात आहे ते. पप्पांना मी खूपदा विचारलं, तो फोन कोणाचा होता. ते काही बोललेच नाहीत. तुम्ही तेव्हा तिथे होता ना... तुम्हाला काही माहीत आहे?" आप्पा गेले होते. आता मला कोणी काही करणार नव्हतं, कंपनीत माझ्या वर कोणी उरलेलं नाही. आणि तरीही मी त्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही गं. मला कल्पना नाही."

घरी आले ती जेवले नाही. आधी वाटायचं की नऊ वर्षांपूर्वी एकदा चुकले. त्या जिन्यावर कळलं, की मी अशीच आहे.

गेल्या रविवारी सकाळी परत गेले आणि सगळं सांगितलं. फोन, वेळ, रिकामी ठेवायला लावलेली जागा, चौकशीतलं ते नेमकं वाक्य. वहिनी पोळ्या करता करता दारात येऊन उभ्या राहिल्या, लाटणं हातातच. "म्हणजे हे झोपलेले नव्हते," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "नव्हते वहिनी." त्यांनी लाटणं कडेला ठेवलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्यांना. सगळे म्हणताहेत तर खरंच डोळा लागला होता का म्हणून. रागावले नाहीत माझ्यावर. फक्त म्हणाले, तूपण?" आणि त्या आत निघून गेल्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास येत होता, पण त्यांनी ती उतरवली नाही आणि आम्हीही उठलो नाही.

मी ज्योतीला सांगितलं की कंपनीला पत्र पाठवलं आहे. त्यांचं उत्तरही आलं आहे, संबंधित कर्मचारी हयात नसल्याने प्रकरण बंद समजावं. ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "कंपनीची फाईल कोण वाचतं, मॅडम? आमच्या आईला पेपरातलं कळतं. माझ्या उपकेंद्रातल्यांनाही कळतं. तिथे लिहा, स्वतःचं नाव घालून. आणि पप्पा कसे चांगले होते ते नका लिहू, ते आम्हाला माहीत आहे." माफीचा विषय तिने काढला नाही आणि मलाही तो काढायचं धाडस झालं नाही. चांगलं लिहू नका असं ती म्हणाली होती, तरी ते वर थोडं लिहून गेले आहे, त्याबद्दल तिने मला रागवावं.

आता नोंद, आप्पा लिहायचे तशी. वेळ सकाळी सात चाळीस. पाच पंखे संध्याकाळपर्यंत राखीव स्थितीत ठेवण्याची सूचना फोनवरून. सूचना देणारी, शैला खैरनार. पाळीप्रमुख बी. टी. निकम यांनी सूचना उलट म्हणून दाखवली, वेळ लिहिली आणि नाव विचारलं. नाव मी लिहू दिलं नाही. निकम जागे होते.